द्वारकामावशीचं टिपाड

मेथ्या दळून आणायला कोण जाणार, यावरून आमच्या हॉस्टेलात भांडणं व्हायची. गिरणीवाला मेथ्या बघितल्या की कावायचा. मेथ्या दळल्या की जात्याला कडूपणा बसतो आणि मागून येणाऱ्या गिऱ्हाइकाची ज्वारी कडू होते, म्हणून तो आम्हाला गिरणी बंद करायच्या वेळेपर्यंत ताटकळत ठेवायचा. वर सगळ्यांसमोर विचारायचा, "काय गं, पोरींच्या हॉस्टेलात दर साली बाळंतपण कुणाचं असतंय?" आम्ही खाली मान घालून परत यायचो. द्वारकामावशीला सांगितलं की ती परातीतून मान वर न करता म्हणायची, "त्याला म्हणावं, रद्दी बाळंत होनार हाय. बारशाला ये."

द्वारकामावशी लातूरच्या ट्यूशन एरियात आमच्या हॉस्टेलात चाळीस पोरींचा स्वयंपाक करायची. मी तिथं दोन वर्षं होते, एक बारावीचं आणि एक रिपीटचं. माझं गाव रेणापूर तालुक्यात, आईबाप दोघंही मजुरीवर. डॉक्टर काही मी झाले नाही. पण बी.एस्सी. झाले, आणि आमच्या अख्ख्या भावकीत कॉलेजची पदवी घेतलेली मी पहिली. हे मी कुणी न विचारताही सांगते. आज नांदेडला एका लॅबमध्ये रक्त तपासते. माझं एवढं पुरे.

पहिल्या दिवशी मी ताट घेऊन उभी राहिले तर मावशीनं विचारलं, "कुठली?" मी गाव सांगितलं. "कोण लोकं?" म्हटलं, "बौद्ध." घरून निघताना आईनं बजावलं होतं की कुणी विचारलं तर मान ताठ ठेवून सांगायचं. मी तसंच सांगितलं आणि वाट बघत राहिले. मावशीनं माझ्याकडं बघितलं आणि म्हणाली, "भाकर पातळ लागती का जाड?"

तेवढ्यावर आमचं जमलं.

पोरींची नावं तिच्या लक्षात राहत नसत, का ती ठेवतच नव्हती कुणास ठाऊक. ती गावाच्या नावानं हाक मारायची. "ए औसा, दुसरी भाजी मागू नको, मागच्यांना पुरायला पायजे." "निलंगा, केस बांध गं, वरणात पडून राहिले." मी रेणापूर. तिचं स्वतःचं माहेर नांदेडचं. तिची आई रद्दी भिजवून, उखळात कुटून, त्यात मेथीचं पीठ कालवून धान्याच्या पाट्या करायची. पालथ्या घागरीवर लगदा थापायचा, वाळला की काढून घ्यायचा. मेथीनं लगदा चिवट होतो आणि किडा लागत नाही. मावशीनं तेच आईकडून उचललं. फक्त तिनं पाट्या केल्या नाहीत. तिनं बाया केल्या.

हॉस्टेलच्या गच्चीवर एक पत्र्याची खोली होती. तिथं एक निळं प्लास्टिकचं टिपाड असायचं. मे महिन्यात नीटची परीक्षा झाली की पोरी दोन दिवसांत खोल्या रिकाम्या करायच्या, आणि मागं जे राहील ते मावशीचं, असा रिवाजच पडला होता. गठ्ठेच्या गठ्ठे वह्या, नोट्स, कोऱ्या-अर्ध्या रजिस्टरी. मावशी एकेक पिन उपटून काढायची, गुळगुळीत कागद बाजूला करायची कारण तो भिजत नाही, आणि बाकीचं टिपाडात घालायची. रोज काठीनं ढवळायची. आठ-दहा दिवसांत दोन वर्षांचं फिजिक्स-केमिस्ट्री पिठल्यासारखं व्हायचं.

मग तुटलेल्या पलंगांच्या प्लायवूडवर ती तो लगदा थापायची. चिंचोक्याची खळ, काजळ, गेरू, हळद हे सगळं घरचं. बाकी सगळं पोरींनी टाकलेलं. प्लॅस्टिकच्या कंगव्याचे दात म्हणजे पापण्या. बंद पडलेल्या गजराच्या घड्याळातली चाकं कानात. रिकाम्या रिफिलींची वेणी. वाळलेल्या नेलपॉलिशच्या बाटलीत दोन थेंब थिनर टाकून ओठ. एका बाईच्या कपाळावर तिनं कंपासपेटीतला कोनमापक बसवला होता. एकीच्या पोटात चपलेचा तुटका अंगठा. माणसाएवढ्या उंच अशा सहा बाया त्या पत्र्याच्या खोलीत भिंतीला टेकून उभ्या होत्या. दिसायला सुंदर म्हणवत नाही. पहिल्यांदा बघितल्या तेव्हा मला भीती वाटली. डोळे उघडे, तोंड मिटलेलं, सगळ्या जणी जणू निकाल लागायची वाट बघताहेत.

मी एकदा विचारलं, "मावशी, ओळखपत्रावरचे फोटो पण पडलेले असतात की. ते का लावत नाही?"

"फोटू लावला की लोकं हार घालतात," ती म्हणाली.

एका गोष्टीचा तिला फार अभिमान होता. पोरगी काय टाकून गेली यावरून ती पोरीचं सगळं सांगायची. "औसा परत येनार. बादली न्हेली न्हाई, पन बादलीवर नाव लिहून ठिवलंय." "ह्या खोलीतलीचं लगीन ठरलं. पुस्तकं टाकली अन् आरसा न्हेला." तिचं बहुतेक खरं निघायचं. ती वाचायला शिकलेली नव्हती, पण वस्तू बघून बोलायची आणि चुकायची नाही, म्हणून आम्हीही तिला मानायचो. परीक्षेच्या आधी काही पोरी गमतीनं आपली पेनं तिच्यापुढं धरायच्या, "मावशी, सांगा ना, लागंल का नंबर?" तेव्हा मात्र ती फटकारायची, "मी काय पोपट हाय का गं चिठ्ठ्या काढनारा? अभ्यास कर जा."

नांदेडच्या एका चित्रकला महाविद्यालयातले एक सर तिच्याकडं यायला लागले ते माझ्या रिपीटच्या वर्षी. त्यांची पुतणी आमच्या हॉस्टेलात होती, तिनं मोबाइलवर फोटो दाखवले होते. सर बायांसमोर बराच वेळ उभे राहिले. मग म्हणाले, "मावशी, ह्याला मिक्स मीडिया म्हणतात. तुम्हाला ह्यातनं काय सांगायचंय?"

"सांगायचं असतं तर सांगितलं असतं की सर. मला तोंड हाय."

सर हसले. दोन बाया त्यांनी कॉलेजच्या प्रदर्शनाला टेम्पोत घालून नेल्या. मावशीला बोलावणं आलं. ती मला म्हणाली, "तू चल, तिथं काय लिहिलंय ते वाचायला कुनी पायजे." मी एक दिवस क्लास बुडवला आणि आम्ही एसटीनं गेलो. हॉलमध्ये पिवळ्या दिव्याखाली त्या दोघी उभ्या होत्या. बाजूला पाटी होती. मी वाचून दाखवली: 'मातृत्वाचा शोध'.

"म्हंजे काय?"

"म्हणजे... आईपण शोधायचं."

"मला तीन लेकरं झाली," मावशी मोठ्यांदा म्हणाली. हॉलमधले लोक वळून बघायला लागले. "मला ते शोधायची काय गरज? ह्या पोरी हायत. एक पास झाली, एक न्हाई. काढा ते."

सर म्हणाले, दुसरं काही नाव तरी ठेवू. ती म्हणाली, "खोटं काय बी लावू नका. कोरं राहू द्या." शेवटी पाटी निघाली. येताना गाडीत ती खुशीत होती. खिडकीतून बघत म्हणाली, "उजेडात बऱ्या दिसत होत्या न्हाई?"

त्याच वर्षी हॉस्टेलात देगलूर होती. नाव सुवर्णा. तिकडं सीमेवर भाषेत तेलुगू मिसळते. ती वडिलांना नायना म्हणायची. नायना गवंडी. बारीक अंगाची, कमी बोलणारी, निळ्या जेलपेननं लिहिणारी पोरगी. बॉलपेननं बोटं दुखतात म्हणायची. तिच्या रिकाम्या रिफिली मावशी डब्यात साठवायची, त्यांचा निळा तिला आवडायचा.

परीक्षा झाली त्याच्या दुसऱ्या दिवशी देगलूर गच्चीवर आली. मी तिथंच पिना उपटत बसले होते. माझी दुसरी एक परीक्षा राहिली होती म्हणून मी थांबले होते. तिच्या दोन्ही हातांत वह्यांची चळत. वर एक नवंकोरं रजिस्टर, प्लॅस्टिकसुद्धा न फाडलेलं. नवी कंपासपेटी. नवी ओढणीसुद्धा.

"मावशी, हे सगळं तुम्हाला."

"आगं, हे तर नवं हाय."

"असू द्या. तुमची बाई चांगली होईल."

मावशी हरखली. तिला अशी भेट कुणी दिली नव्हती. पोरी टाकून जायच्या, देऊन कुणी गेलं नव्हतं. तिनं देगलूरच्या गालावरून हात फिरवून कडाकडा बोटं मोडली आणि खाली जाऊन तिच्यासाठी दोन पोळ्या गूळ-तूप लावून बांधून आणल्या. मी पण तिथंच होते. माझ्याही मनात काही आलं नाही. त्याच दुपारी मावशीनं तिच्या वह्या, माझ्या जुन्या वह्या आणि आणखी तिघींच्या वह्या टिपाडात घातल्या. पाणी निळं झालं.

पाचव्या दिवशी कळलं, देगलूरनं गावाकडं जीव दिला.

मावशी ओट्याजवळ उभी होती. ऐकल्यावर ती खाली बसली. मग नुसतं म्हणाली, "नवी ओढनी दिली गं तिनं मला. अन् मी घेतली." त्या दिवसानंतर पोरीच्या वस्तू बघून काही सांगणं तिनं बंद केलं ते कायमचं.

नवव्या दिवशी सुवर्णाचे वडील आले. धुतलेला पांढरा शर्ट, बोटांना सिमेंटनं पडलेल्या भेगा. त्यांना लेकीचं अक्षर पाहिजे होतं. घरात तिनं लिहिलेलं काहीच नव्हतं; शाळेच्या वह्या दर साली त्यांनीच रद्दीत घातल्या होत्या. मोबाइल पोलिसांकडं. "एखादी वही द्या," ते म्हणत होते, "एक पान असलं तरी चालतंय."

हॉस्टेलच्या मालकांनी त्यांना खाली बसवलं, चहा मागवला आणि स्वतः स्वयंपाकघरात आले. "बाई, रद्दी विकून टाकली म्हणून सांगा. उगाच लफडं वाढायला नको."

"मी इकत न्हाई."

"मला माहीत आहे. सांगायला काय जातंय?"

मावशीनं कणकेचे हात धुतले, पदराला पुसले आणि बाहेर जाऊन त्यांच्यापुढं उभी राहिली. "भाऊ, वर चला."

गच्चीवर तिनं टिपाडाचं झाकण काढलं. निळसर पाणी, त्यावर फेस, मेथीचा आणि कुजल्या कागदाचा वास.

"हे काय हाय अक्का?"

"वह्या. पाच पोरींच्या. त्यात तुमच्या लेकीच्या हायत. तिनंच आनून दिल्या. मी इचारलं न्हाई, कामून देऊन राहिलीस म्हनून."

त्यांनी बाही वर केली आणि कोपरापर्यंत हात आत घातला. मूठभर लगदा वर काढला. अंगठ्यानं दाबून बघितला, गवंडी माल बघतो तसा. "गिलाव्यावानी झालंय," ते म्हणाले. हात तसाच धरून उभे राहिले, कोपरावरून निळं पाणी गळत होतं.

मावशीनं दोन दिवस खाली स्वयंपाकघरात पाय ठेवला नाही. उरलेल्या आम्ही सात-आठ पोरींनीच भाकरी थापल्या. तिनं टिपाड उपसून सगळा लगदा प्लायवूडवर पसरला, आणि जिथं गोळा जरा घट्ट लागेल तिथं केसाच्या पिनेनं पापुद्रे सोडवत बसली. वडील समोर उकिडवे बसून. मी मदतीला. पापुद्रा सुटायचा आणि कोरा निघायचा. जेलपेनची शाई पाण्यात जाते. हे मला तेव्हाच कळलं होतं, आणि मावशीला माझ्याही आधी कळलं असणार. तिनं त्या शाईचं पाणी रोज ढवळलं होतं. तरी ती थांबली नाही. ऊन डोक्यावर आलं तरी तिनं पदर ओढून घेतला नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी तळहाताएवढा एक तुकडा निघाला. त्यावर अक्षर होतं. 'हे गणित पुन्हा सोडवणे', आणि खाली दोन रेघा.

बॉलपेनची शाई. दोन रेघा ओढायची सवय माझी. ते माझं अक्षर होतं.

मावशीनं तुकडा बघितला, मग माझ्याकडं बघितलं. माझा चेहरा पडला असणार. वडील पुढं झुकले होते, डोळे तुकड्यावर. तिनं तो पदरानं हलकेच टिपला आणि त्यांच्या हातात ठेवला.

"हे तिचं हाय, भाऊ."

"नक्की?"

"नक्की. मी वळखते."

त्यांनी रुमालाची घडी केली, त्यात तुकडा ठेवला आणि मावशीच्या पायाला हात लावायला वाकले. ती अशी मागं सरली की टिपाडाला धडकली.

ते गेल्यावर मी म्हणाले, "मावशी, ते..."

"गप," ती म्हणाली. "मला म्हाईत हाय."

मालकांनी तिला कामावरून काढलं नाही. चाळीस पोरींचा स्वयंपाक सांभाळणारी बाई सहजासहजी मिळत नाही. त्यांनी पत्र्याच्या खोलीला कुलूप घातलं. पालक नव्या पोरी घेऊन येतात, वर जाऊन बघतात, बायांना घाबरतात, असं कारण दिलं. मावशीनं किल्ली मागितली नाही. त्या वर्षीचा लगदा गच्चीवर पसरला होता तसाच वाळून दगड झाला. नंतर तो कुणी फोडून टाकला, मला माहीत नाही. मी तोवर नांदेडला बी.एस्सी.ला गेले होते.

वर्षानं तिचा फोन आला. एरवी ती फोनवर ओरडून बोलायची. त्या दिवशी हळू बोलत होती. "देगलूरच्या पोरीचं वर्षश्राद्ध हाय. तिच्या बापानं बोलावलंय. तू बी यायचं. न्हाई म्हनू नको."

मी देगलूरच्या स्टँडवर पोचले तेव्हा ती आधीच येऊन बसली होती. वर्षात बारीक झाली होती. जीपमधून उतरताना तिनं विचारलं, "त्या कागदावर काय लिहिलं व्हतं?" मी सांगितलं. "बरं," ती म्हणाली.

घर विटांचं, गिलावा न केलेलं. आत भिंतीवर सुवर्णाचा फोटो, हार घातलेला. त्याच्या खाली काचेच्या चौकटीत तो तुकडा. जेवायला वीस-पंचवीस माणसं होती. पंगती उठल्यावर, पाहुणे पांगल्यावर, वडील माझ्याकडं आले. मी शिकलेली हे मावशीनं त्यांना सांगितलं असावं. "बाई, आमच्यात कुनाला धड वाचता येत न्हाई. शेजारचा पोरगा वाचतो, पन अडखळत. तुमी एकदा नीट वाचून दाखवा. हिची आई बी ऐकंल."

आई दाराच्या चौकटीत येऊन उभी राहिली. डोक्यावर पदर. मी काचेजवळ गेले. माझी अक्षरं माझ्याकडं बघत होती.

"तिला नका वाचायला लावू," मागून मावशी म्हणाली. "भाऊ, ते तिचं हाय. ह्या पोरीचं. तुमच्या लेकीचं एक बी अक्षर उरलं नव्हतं. मी खोटं बोलले."

बाहेर कुणीतरी पत्रावळी गोळा करत होतं. वडिलांनी बराच वेळ त्या तुकड्याकडं बघितलं. मग त्यांनी चौकट खिळ्यावरून उतरवली, मागचे चाप उघडले, कागद अलगद बाहेर काढला आणि माझ्या हातावर ठेवला.

"मग तुमचं तुमी न्या," ते म्हणाले. रिकामी चौकट त्यांनी पुन्हा खिळ्याला अडकवली.

तो तुकडा माझ्याकडं आहे. फेकला नाही. कुठं लावायचीही हिंमत झाली नाही.

पुढं दोन वर्षांनी मावशी निलंग्याला लेकीकडं असताना वारली. मला कळलं तेव्हा दहावं होऊन गेलं होतं. म्हणजे मी तिला शेवटचं पाहिलं ते त्या वर्षश्राद्धाच्या दिवशी.

निघताना मी म्हणाले, "मावशी, चला, जीप निघेल."

"तू जा. मी येते मागून."

मी सडकेवर येऊन उभी राहिले. तिथून त्यांचं अंगण दिसत होतं. हापशाजवळ पंगतीची भांडी पडली होती, दोन मोठी पातेली, पराती, तांबे. मावशीनं पदर खोचला, पाटावर बसली आणि राखेनं पातेलं घासायला लागली. तिला कुणी सांगितलं नव्हतं. कुणी उठवलंही नाही. थोड्या वेळानं सुवर्णाची आई बाहेर आली. मावशीनं घासून ठेवलेलं पातेलं तिनं उचललं, पलीकडं नेलं, खाली बसली आणि ते पुन्हा पहिल्यापासून घासायला लागली. मावशीनं एकदा बघितलं. मग तिनं दुसरं पातेलं पुढं ओढलं.